रॉकेटच्या नाकापासून माणसाच्या नाकापर्यंत

आमच्या अण्णांना झोपताना वाचायची सवय आहे, आणि वाचता वाचता झोपायचीही. त्यामुळे वर्षाकाठी एक चष्मा पाठीखाली जाणार हे ठरलेलं. मग मी लहान असताना कोल्हापुरात आमची वरात चष्मेवाल्याकडे. तो पकडीने काडी वाकवून बघायचा, पुन्हा वाकवायचा, आणि तिसऱ्या खेपेला 'कट्' असा आवाज आला की आम्हा दोघांकडे बघून हसायचा. घरी येऊन अण्णा काडीला दोरा गुंडाळत आणि पगार होईपर्यंत तसंच चालवत.

काही वर्षांपूर्वी मी भारतात जायला निघालो तेव्हा अण्णांचा फोन आला. "तिकडं म्हणे वाकवला तरी आपोआप सरळ होणारा चष्मा मिळतो. तेवढा आण." आजपर्यंत त्यांनी माझ्याकडे अमेरिकेतलं काही म्हणजे काही मागितलेलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. विक्रेत्याने फ्रेमची काडी ओला टॉवेल पिळावा तशी पिळली, सोडली, आणि ती टुणकन सरळ! "टायटॅनियम, सर," तो म्हणाला. एकावर दुसरी अर्ध्या किमतीत होती. एन.आर.आय. माणूस असली संधी सोडत नाही, त्यामुळे आईसाठीही एक घेतली. काचा कोल्हापुरात बसवायच्या ठरल्या.

अण्णांचा चष्मा गल्लीत गाजला. येईल त्याला ते काडी वाकवून दाखवत. आईचं मात्र वेगळंच झालं. दोनतीन महिन्यांत तिच्या कानशिलावर, नेमकी काडी टेकते तिथे, लाल चट्टा उठला. आईला पूर्वीपासून खोटी कानातली चालत नाहीत, कान चिघळतात. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "फ्रेममध्ये निकेल आहे का?" आईने मला फोनवर विचारलं, आणि मी, इंजिनिअर मुलगा, छाती फुगवून म्हणालो, "छे! शुद्ध टायटॅनियम आहे, आई. माणसाच्या हाडात बसवतात तो धातू."

मंडळी, मी साफ चुकलो होतो. का चुकलो हे शोधायला बसलो आणि हाती लागली एक मजेदार गोष्ट. तिची सुरुवात मी राहतो तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर झालेली आहे! तीच आज सांगतो.

वॉशिंग्टनच्या उत्तरेला, मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंगजवळ व्हाइट ओक नावाची जागा आहे. तिथे १९४०च्या दशकात अमेरिकन नौदलाने आपली शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा उभी केली. तिचं नाव नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी. समुद्री सुरुंग, पाणतीर अशा गोष्टींचं संशोधन तिथे चाले. विल्यम ब्यूलर नावाचे एक धातुशास्त्रज्ञ तिथे नोकरीला होते. १९५८च्या सुमारास त्यांच्याकडे काम होतं पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या नाकासाठी धातू शोधण्याचं. क्षेपणास्त्र वातावरणात परत शिरतं तेव्हा त्याचा पुढचा टोकदार भाग भयंकर तापतो, आणि तो टिकायला हवा.

ब्यूलरनी काय केलं? दोन धातूंच्या संयुगांची यादी काढली. साठेक निवडली, त्यातून डझनभर ठेवली, आणि एकेक वितळवून हातोड्याने ठोकून बघायला सुरुवात केली. बहुतेक सगळी ठिसूळ निघाली. निकेल आणि टायटॅनियम यांचं जवळजवळ समसमान अणूंचं मिश्रण मात्र हातोड्याला दाद देईना. ब्यूलरनी त्याचं बारसं केलं 'निटिनॉल'. 'नि' म्हणजे निकेल, 'टि' म्हणजे टायटॅनियम, आणि उरलेलं 'नॉल' हे प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं. शोध लावणाऱ्याने आपलं नाव न लावता कचेरीचं लावलं, ही सरकारी नोकरीची खूण!

आता पुढचा प्रसंग माझा सगळ्यांत आवडता. १९५९ साली ब्यूलर या धातूच्या छोट्या कांड्या भट्टीत ओतून काढत होते. काही निवल्या होत्या, काही अजून गरम होत्या. निवलेली एक कांडी घासायला नेताना त्यांनी ती सिमेंटच्या जमिनीवर टाकली. आवाज आला बद्द! त्यांना वाटलं, आत तडा गेला असणार. म्हणून त्यांनी गरम कांडीही टाकून बघितली. ती घंटेसारखी वाजली, खणखणीत! आता गंमत बघा. त्यांनी ती गरम कांडी उचलली, जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरली, गार केली आणि पुन्हा जमिनीवर टाकली. बद्द! पुन्हा गरम केली. पुन्हा घंटा!

हे वाचलं आणि मला एकदम अण्णा आठवले. अण्णांचा सगळा जन्म कोल्हापूरच्या फाउंड्रीत गेला. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर ते हातोडीची हलकी टिचकी मारत आणि कान देत. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत तडा किंवा पोकळी, परत भट्टीत. आपल्याकडे बायका कुंभाराकडून मडकं घेतानासुद्धा असंच बोटाने वाजवून घेतात. पण मडकं एकदा बद्द वाजलं की बद्दच. पाण्याखाली धरल्यावर खणखणीतचं बद्द आणि शेकल्यावर बद्दचं परत खणखणीत, असा धातू कुणी ऐकला होता? ब्यूलरना तिथेच कळलं की या धातूच्या आत तापमानाबरोबर काहीतरी मोठी उलथापालथ होते आहे, आणि ती उलटीही फिरते.

याच्यापुढचा प्रसंग जास्त प्रसिद्ध आहे. १९६१ साली प्रयोगशाळेच्या वरिष्ठांची बैठक होती. ब्यूलरना जाता आलं नाही, म्हणून त्यांचे सहकारी रेमंड वायली गेले. निटिनॉल कितीही वाकवलं तरी तुटत नाही हे दाखवायला त्यांनी पातळ पट्टी नेली होती, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी घड्या घातलेली. साहेब लोक ती ओढून, दाबून बघत होते. त्यांत डेव्हिड मझी नावाचे एक अधिकारी होते, पाइप ओढणारे. त्यांना सहज वाटलं, बघूया तापवल्यावर काय होतं ते. त्यांनी खिशातला लायटर काढून पट्टीखाली धरला. घड्या घातलेली पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपली आपण उलगडून लांबलचक झाली!

१९६२ साली फ्रेडरिक वांग नावाचे स्फटिकांचे जाणकार ब्यूलरच्या गटात आले, आणि अणूंच्या रचनेत नक्की काय घडतं याचा उलगडा सुरू झाला. १९६३ साली याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, १९६५ साली ब्यूलर आणि वायली यांच्या नावे पेटंट मिळालं. असं वागणारे धातू जगात हे पहिलेच नव्हेत. सोनं आणि कॅडमियम यांच्या मिश्रणाचा विचित्रपणा स्वीडनच्या ऑलँडर यांनी १९३२ सालीच टिपला होता. पण एक महाग आणि दुसरं विषारी, असल्या जोडीचा कुणी चष्मा करेल का?

आता आत काय घडतं ते सांगतो. शाळेतली कवायत आठवा. मैदानावर मुलं रांगांत उभी आहेत. साधी तार आपण जोरात वाकवली की काय होतं? एक रांग दुसऱ्या रांगेवरून घसरते आणि मुलं नव्या शेजाऱ्यापाशी जाऊन उभी राहतात. आता शिट्टी वाजवली तरी कुणाला आपली जुनी जागा आठवत नाही. तार वाकडी ती वाकडीच. निटिनॉलमध्ये मात्र मुलं शेजारी बदलत नाहीत. सगळी रांग एकदम एका बाजूला कलते, शेजारी तोच. म्हणून जोर काढला, किंवा उष्णतेची शिट्टी वाजली, की सगळे बिनचूक मूळ जागी! गार अवस्थेत आत अशा कललेल्या रांगांचे छोटे छोटे गट असतात. त्यांच्या सीमा सरकत राहतात आणि आवाजाची थरथर गिळून टाकतात, म्हणून बद्द. गरम अवस्थेत रचना ताठ असते, म्हणून घंटा. साधी धातूची तार तिच्या लांबीच्या अर्ध्याएक टक्क्याहून जास्त ताणली तर पूर्ववत होत नाही. निटिनॉल योग्य तापमानाला आठ टक्क्यांच्या आसपास ताण सोसून परत येतं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, तीही दूर करू. एक आहे आकाराची 'आठवण': गारपणी वाकवा, तापवा, सरळ. दुसरी आहे अतिलवचिकता: तापवायला नको, हात सोडला की सरळ. लायटरवाल्या साहेबांनी पाहिली ती पहिली. अण्णा गल्लीत दाखवतात ती दुसरी. चष्म्याला अर्थातच दुसरी हवी. वाकलेला चष्मा रोज कोण गरम पाण्यात बुडवत बसणार?

तर १९६३ साली सगळं जाहीर झालं. मग चष्मा केव्हा आला? चष्म्याच्या फ्रेममध्ये हा धातू वापरण्याचं रॉबर्ट झायडर आणि जॉन क्रमी यांचं अमेरिकन पेटंट आहे १९८८ सालचं. म्हणजे पंचवीस वर्षं! मधल्या काळात माणसं स्वस्थ बसली होती असं नाही. १९७०च्या सुमारास एफ-१४ या लढाऊ विमानाच्या तेलाच्या नळ्या जोडायला निटिनॉलच्या कड्या वापरल्या गेल्या. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार करून कडी फुगवायची, नळ्यांवर चढवायची, ती ऊबेला आली की आवळून बसते, वेल्डिंगचं नाव नको. आयोवा विद्यापीठातले दंतवैद्य जॉर्ज अँड्रियासन यांनी दात सरळ करायच्या तारा याच्यापासून केल्या. १९७३ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत रिजवे बँक्स यांनी नुसत्या गरम आणि गार पाण्यावर फिरणारं निटिनॉलचं इंजिन करून दाखवलं. ते आपल्या गाड्यांत काही आलं नाही, पण त्या वेळी बोलबाला खूप झाला.

मग चष्म्याचंच घोडं कुठे अडलं? फाउंड्रीवाल्याच्या मुलाला हे वाचताना फार मजा आली, कारण सगळी अडचण कारागिरीची आहे. पहिली गोष्ट, वितळलेलं टायटॅनियम ज्याला त्याला चिकटतं. ऑक्सिजन, कार्बन, काही सोडत नाही. म्हणून ओतकाम निर्वात भट्टीत करावं लागतं. दुसरी, प्रमाण. अणूंच्या हिशेबात निकेल एका टक्क्याने जास्त झालं तर रचना बदलण्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास खाली जातं. आमटीत मीठ कमीजास्त झालं तर चालून जातं, इथे चिमूटभर फरकाने मालच वेगळा. तिसरी, हा धातू कापताना इतका कडक होत जातो की हत्यारांची धार जाते. चौथी, वर टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा असल्यामुळे झाळकाम धरत नाही, मग बिजागरी जोडायची कशी? आणि पाचवी सगळ्यांत मोठी. विमानातली नळी एका जागी असते, दातातली तार तोंडाच्या ऊबेत असते. चष्मा मिनेसोटाच्या बर्फात जातो आणि ॲरिझोनाच्या उन्हातही. तापमानावर स्वभाव बदलणारा धातू दोन्हीकडे सारखा कसा वागणार?

झायडर आणि क्रमी यांनी काढलेली युक्ती अशी की तार थंड अवस्थेतच दाबून, ओढून पुरेशी कडक करायची. त्यामुळे तिची आठवणीची जादू बरीचशी मरते, पण उणे वीस ते अधिक चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत ती एकसारखी लवचिक राहते. तीन टक्क्यांहून जास्त लवचिकता असा त्यांचा दावा होता. म्हणजे आठ टक्क्यांचा हव्यास सोडून तीनवर समाधान मानलं, आणि चष्मा झाला! न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९८३ साली स्थापन झालेल्या मार्चन कंपनीने 'फ्लेक्सॉन' या नावाने अशा फ्रेमा बाजारात आणल्या आणि त्या धो धो चालल्या. इतक्या, की पेटंटवरून प्रतिस्पर्ध्यांशी कोर्टबाजी झाली. 'लवचिकता' या शब्दाचा अर्थ नेमका काय, यावरचा वाद १९९७ साली पेटंटच्या अपिलांसाठीच्या केंद्रीय न्यायालयापर्यंत गेला. चष्मेवाल्याच्या दुकानात आपण जो शब्द सहज ऐकतो, त्यावर न्यायाधीशांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

आता आईच्या चट्ट्याकडे येतो. रॉकेटच्या नाकासाठी शोधाशोध झाली आणि धातू बसला माणसाच्या नाकावर, हे खरं. पण त्याचं नाव वाटेत कुठेतरी बदललं. निटिनॉलमध्ये अणू निम्मे निम्मे असले तरी निकेलचा अणू जड, त्यामुळे वजनाने बघितलं तर साधारण पंचावन्न टक्के निकेल आणि पंचेचाळीस टक्के टायटॅनियम असतं. निम्म्याहून जास्त निकेल, आणि दुकानात नाव फक्त टायटॅनियमचं! उद्या निम्म्याहून जास्त गूळ घालून त्याला 'शेंगदाणे' म्हणून विकावं, तसं. मेमरी मेटल, फ्लेक्सिबल टायटॅनियम अशा नावांखाली काय काय विकलं जातं ते विचारल्याशिवाय कळत नाही.

निटिनॉलची बदनामी करायची नाही. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा शाबूत असेल तर त्यातून निकेल फार थोडं बाहेर येतं, म्हणून तर ते शरीरात बसवतात. शिवाय स्वस्त फ्रेममध्ये बिजागरी, झाळ, वरचा मुलामा यांतही निकेल असू शकतं. आईला नक्की कशाने झालं हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. चष्मा बदलल्यावर पंधरा दिवसांत चट्टा गेला, एवढं खरं. युरोपने १९९४ सालीच निकेलवर निर्बंध आणले. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला अर्धा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तिथला नियम आहे, आणि चष्म्याच्या फ्रेमाही त्यात येतात. त्या विक्रेत्याने मला फसवलं असंही म्हणवत नाही. त्याला कुणीतरी टायटॅनियम सांगितलं, त्याने मला, मी आईला. साखळीत इंजिनिअर एकच होता, आणि त्यानेही विचारलं नाही.

निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी 'बीटा टायटॅनियम' नावाचा प्रकार मिळतो. त्यात टायटॅनियममध्ये व्हॅनेडियम, ॲल्युमिनियम वगैरे घालतात, निकेल नसतं. निटिनॉलइतकं ते वाकत नाही, पण साध्या फ्रेमपेक्षा चांगलंच लवचिक असतं. पुढच्या खेपेला मी आईसाठी ते घेतलं, आणि 'निकेल नाही' असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पाहू दे.

व्हाइट ओकची ती प्रयोगशाळा १९९७ साली बंद झाली. त्या जागेवर आज अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचं, म्हणजे एफ.डी.ए.चं मुख्यालय आहे. पायाच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांत बसवायचे निटिनॉलचे स्टेंट माणसाला वापरावेत की नाही, याची परवानगी तिथूनच दिली जाते. क्षेपणास्त्रासाठी जिथे तो धातू जन्मला, तिथेच आज तो माणसाला चालेल का याची तपासणी होते. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा दर वेळी बघतो. रस्त्यावरून काही विशेष दिसत नाही म्हणा.

हे सगळं मी गेल्या भेटीत अण्णांना अंगणात बसून सांगितलं. लायटरची गोष्ट रंगवून सांगितली, कारण ती ऐकून लोक टाळ्या देतात. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते लायटरचं राहू दे. तुकडा बद्द वाजल्यावर त्यानं दुसरा का टाकून बघितला?"

"खात्री करायला, अण्णा."

"आणि गार करून परत का टाकला?"

मी गप्प.

"त्यानं ऐकलं," अण्णा म्हणाले. "आमच्यात पोरं हातोडी मारतात, पण ऐकत नाहीत. लायटर काय, नशिबाचा भाग. ह्यानं आवाज ऐकला आणि सोडला नाही, तो खरा कारागीर."

मला वाटतं अण्णांचं बरोबर आहे. आपण लायटरची गोष्ट लक्षात ठेवतो, आणि पाण्याच्या नळाखाली कांडी धरून उभा राहिलेला माणूस विसरतो. मलासुद्धा डॉक्टरांचा प्रश्न नीट ऐकू आला असता, तर आईचा चट्टा महिनाभर आधी गेला असता.

असो. अण्णांचा चष्मा अजून चालू आहे आणि पाठीखालीही जातोच. मागच्या महिन्यात काच फुटली, फ्रेम टुणकन सरळ. "काचेला पण आठवण दे म्हणावं तुमच्या अमेरिकेला," असा त्यांचा निरोप आला आहे.